रेमी नास गावी गेला तेव्हा

प्रिय निहारिका,

नास गावच्या फुटबॉल क्लबने रेमीला काढलं, हे तुला माझ्याआधीच कळलं असेल. तू तिथेच आहेस. वर्षभर मी तुला फोन केला नाही. माझा खरा राग त्याच्यावर आहे, अशी माझी समजूत होती.

डब्लिनच्या कडेला, क्लोनडॉकिनच्या आपल्या क्लबात तो कोच म्हणून आला ते दिवस आठवतात? फ्रान्सच्या दुय्यम लीगमध्ये मिडफिल्डला सगळं तारुण्य घातलेलं, मग डब्लिनमध्ये दोन सीझन, मग गुडघा गेला. धावून दाखवता यायचं नाही, म्हणून मैदानाच्या मधोमध उभा राहून पास कुठे जायला हवा ते बोटाने दाखवायचा. चेंडू पायाशी यायच्या आत मान वळवून बघा, एवढंच त्याचं शास्त्र. त्यावर आपली तळाची टीम कपच्या फायनलला पोचली. तू मॅचचे व्हिडिओ कापायचीस, मी पोरांचे घोटे बांधायचे. नागपूरची फिजिओथेरपिस्ट इथे नुसती अभिजितची बायको होऊन बसले होते; त्या ओलसर ड्रेसिंगरूममध्ये मला माझं काम परत मिळालं.

आणि फायनलच्या तोंडावर तो नासला गेला, पगारी मॅनेजर म्हणून. सोबत तू. आदल्याच रविवारी माझ्याकडे थालीपीठ खाऊन गेलीस, एक शब्द बोलली नाहीस. फायनल आपण हरलो. रडणाऱ्या पोरांची समजूत मी एकटीने घातली.

परवा रेमीने मला समुद्रकाठी डून लेरीला भेटायला बोलावलं. वाटलं, माफी मागेल. त्याने आधी विचारलं, आईची तब्येत कशी आहे. मला कळेना; आई नागपुरात ठणठणीत आहे. मग तो म्हणाला, "मी नासला तुम्हा दोघींना मागितलं होतं. निहारिका म्हणाली, रोहिणीची आई आजारी आहे, ती भारतात परत चाललीय. तिला विचारून अवघडवू नकोस."

जागा एकच होती का, असं मी विचारलं. दोन होत्या, म्हणाला. म्हणजे तुझी जागा जाणारच नव्हती.

त्याला आता ब्रे गावात नवा क्लब मिळालाय. फिजिओ म्हणून मी होकार दिलाय. तुलाही घ्यावं का, असं त्याने विचारलं. तुझं नाव कापायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "तिलाच विचार." त्याचा फोन येईल, त्याला काय सांगायचं ते तू ठरव. त्याआधी मला एवढंच कळव, माझ्या आईला तू आजारी का पाडलंस?

तुझीच म्हणावं की नाही, ते तुझ्या उत्तरावर,
रोहिणी