सबीनाच्या धेडीचा फ्रॉक

मालवण, रविवार

प्रिय मादीन,

आधी बातमी. तालुक्याची कबड्डी आम्ही जिंकलो! शेवटच्या चढाईत एकच गुण हवा होता. समोरची मुलगी माघारी वळली आणि मी तिचा घोटा धरला तो सोडलाच नाही. बाप्तिस्म्याला माझी मादीन म्हणून तू मला हातांत धरलं होतंस, म्हणून पुढचं सगळं तुलाच लिहितेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे.

मे महिन्यात सबीनाचा साखरपुडा झाला आणि लग्नात धेडी, म्हणजे नवरीची पाठराखीण म्हणून तिच्या शेजारी मीच उभी राहणार, असं ठरलं. तेव्हा पप्पांचे मित्र रोझारियो अंकल सगळ्यांसमोर म्हणाले होते, "धेडी नवरीच्या दुप्पट. फोटोत नवरी सोधूक लागतली." सगळे हसले. सख्खी बहीण असून सबीनाही हसली, म्हणून मीही हसले, जरा जास्तच. आणि दुसऱ्या दिवसापासून माझी पेज कोंबड्यांच्या पुढ्यात जायला लागली. डबा माझी मैत्रीण दिव्या खायची. रात्री माझं पोट दुखायचं. केस गळायला लागले, पाळी तीन महिने आलीच नाही, वाचताना अक्षरं हलायची. आणि लोक? किती छान दिसतेस गो, असं म्हणायचे. दहावीच्या निकालालासुद्धा माझं एवढं कौतुक झालं नव्हतं. त्याचाच मला आता सगळ्यात जास्त राग येतो.

ऑगस्टमध्ये सरावाला मी मैदानावरच कोसळले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काल काय खाल्लंस? खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. दोन बिस्किटं, म्हटलं. आई दारातच उभी होती. घरी आल्यावर भात आणि बांगड्याचं तिखलं वाढून समोर बसली आणि म्हणाली, "माका बारीक चेडू नको, फेबी. जेवणारा चेडू व्हया." मग रडली. मी रडत रडत जेवले.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. कधी कधी घास तोंडातच फिरत राहायचा. दर पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंकडे जाते, अजूनही. पण पाळी आली, पायांत जोर आला, सरांनी संघातला डावा कोपरा मला परत दिला. रोझारियो अंकलना आईने असं काही सुनावलंय की ते आता माझ्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलतात.

आता पत्राचं कारण. काल तुझा फ्रॉक पोचला. इतका सुंदर शिवलायस, पण चेन अर्ध्यावरच अडली. चूक तुझी नाही गो. जूनमध्ये तुला कळवलेलं माप माझं नव्हतंच. जानेवारीत लग्नापर्यंत तेवढी बारीक होऊन दाखवायचं, असं ठरवून मी आकडे मनानेच लिहिले होते. तुझी मेहनत वाया घालवली, त्याबद्दल हवं तेवढं ओरड. पण काल आरशासमोर त्या अडकलेल्या चेनसकट उभी होते, आता रडू येणार म्हणून वाट बघत होते, आणि मला आली ती भूक. फ्रॉक काढून ठेवला आणि जेवायला गेले. शेजारचा केव्हिन बुधवारी तो घेऊन तुझ्याकडे मडगावला येतोय. उसव आणि परत शीव. कापड पुरलं नाही तर दुसऱ्या रंगाची पट्टी लाव, मला चालेल. शिवणीत माया जास्त सोड, कारण लग्नात मी जेवणार आहे आणि नाचणारही आहे. सगळी मापं मागच्या पानावर आहेत. कंबर चौतीस. आईने टेप लावली तेव्हा मी पोट आत ओढलं नव्हतं.

तुझीच, पोटभर जेवलेली
फेबी