एक्स्टेन्शनचं काय झालं?

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. डायरी जानेवारीत एका ट्रान्सपोर्टरने दिली होती, दहा महिने कोरी पडली. आळस नव्हे. लिहिण्यासारखं आत्ताच सुरू होतंय.

पार्श्वभूमी थोडक्यात. तीस तारखेला मी रिटायर. भिवंडीजवळ पूर्ण्याच्या गोडाऊनमध्ये बावीस वर्षं डॉक्युमेंटेशन. बिल्टी, गेटपास, ई-वे बिल, एक कागद नजरेतून सुटला नाही. सरोजिनीच्या आग्रहावरून वर्षभराच्या मुदतवाढीचा अर्ज दिलाय. मेघालीचं बी.फार्मचं शेवटचं वर्ष आहे, पोरीचं तेवढं पार पडू दे म्हणते बायको. अर्ज शुद्ध मराठीत लिहिला. आपल्याकडे शब्द असताना इंग्रजीची भीक कशाला? एचआरच्या निवेदिता मॅडमना 'मुदतवाढ' कळलं नाही. आमचा डिस्पॅचचा नरेंद्र, तोही माझ्याबरोबरच रिटायर होतोय, त्याने त्यांना एका इंग्रजी शब्दात समजावलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

खरी बातमी पुढे. साडूचा मुलगा केदार पुण्यात एमबीए करतो. त्याने मित्रांबरोबर एआयवालं काहीतरी बनवलंय, नाव 'वाचूक'. कम्प्युटरच्या ब्राउझरला जोडायचं. इंग्रजी पान असो की ईमेल, तीन ओळींत मराठीत सार हातात. ह्याला एक्स्टेन्शन म्हणतात. (हा शब्द इंग्रजी राहू दे, मालाचं नाव आहे.) भिवंडीत ह्याचं मार्केट पोटेन्शियल किती, ते मी काढून द्यायचंय. केदार म्हणाला, काका, दहा फॉर्म भरून दिलेत तरी पुरे. दहा? अरे, भिवंडी आहे ही. मी दोनशे म्हटलं. ठाणे जिल्ह्याचा हेड कोण होणार असंही विचारून ठेवलं. बघू म्हणाला. म्हणजे मीच.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज दहा फॉर्म. चहा दोनच.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.४०
उठायला उशीर. चहा तीन. आजचा दिवस धरायचा नाही असं ठरवलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
लंच टाइममध्ये ऑफिसच्या कम्प्युटरवर डेमो. निवेदिता मॅडम मागून जाताना थांबल्या, नाइस म्हणाल्या. सहज बोलणाऱ्यांतल्या त्या नाहीत. मॅनेजमेंटपर्यंत जाईल.

फॉर्म तयार. केदारने सतरा प्रश्न पाठवले होते, मी एकच ठेवला: 'तुम्हाला एक्स्टेन्शन हवं आहे का?' लोकांना वाचायचा कंटाळा, हाच तर आपला धंदा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
अंजूरला गेलो. राघोच्या रिक्षातून. राघो हा पहिला फॉर्म. म्हणाला, हाय तर काय, पायजेच ना, एकान् भागत न्हाय, पोरांचे मोबाइल, बायकोचा मिक्सर. त्याला म्हटलं, मोबाइलवर अजून नाही रे, येईल. तो म्हणाला, मोबाइल वर ठेवायला मंग टेबल घेन. कल्पक माणूस. खेड्यातलं डोकं शहरात वाया जातं असं उगाच म्हणत नाहीत. (कोण म्हणतं आठवत नाही.)

अंजूर: चोवीसपैकी तेवीस होकार. एक म्हातारा बहिरा होता.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४
आज सगळा रविवार घातला. वडपे आणि कारखान्यांची लाइन. एकूण फॉर्म ११३, होकार १०४. थक्क झालो. आम्हा भिवंडीकरांना लोक काय समजतात!

लोकांचे प्रश्नही कसे, थेट टेक्निकल. एका लूमवाल्या भाईंनी विचारलं, लोड कितना लेगा. सर्व्हरचा लोड! केदारच्या कॉलेजात हा प्रश्न कोणाला सुचला असता? मी म्हटलं, जितना डालो. ते म्हणाले, फिर तो दस पीस लिखो. सुरक्षेबद्दलही जागृती दिसली, बहुतेकांना पिनची काळजी. तीन पिनचं आहे का, असं निदान तीसेक जणांनी विचारलं. केदारला मेसेज टाकला की पिन ठेव, पण तीन आकडी पुरणार नाही, चार कर. लांबी किती, हाही प्रश्न सारखा येतो. मी सांगतो, कितीही लांब असू द्या, हे तीन ओळींत आणतं. एका बाईंना त्यावर हसू आलं. वडप्याच्या कलावतीबाईंचं शिवणकामाचं दुकान आहे, त्यांनी शॉक तर नाही ना बसणार असं विचारलं, घरात नातवंडं असतात म्हणे. मी शब्द दिला की आक्षेपार्ह काही दाखवणार नाही.

सरोजिनीनेही आज जेवताना विचारलं, एक्स्टेन्शनचं काय झालं? तीस वर्षांत माझ्या कामात पहिल्यांदा रस. बरं वाटलं. म्हटलं, चिंता करू नकोस, वारं आपल्या बाजूने आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १.२०
मी म्हटलं नव्हतं? एचआरचा ईमेल. विषय: युवर एक्स्टेन्शन. दोन पानं इंग्रजी, खाली अटींची लांबण. पूर्वीचा मी असतो तर अर्धा तास वाचत बसलो असतो. वाचूकचं बटण दाबलं. चार सेकंदांत:

'व्यवस्थापन आपल्या विस्ताराबाबत सकारात्मक आहे. शुक्रवारपर्यंत संमती कळवावी. आपल्या सेवेबद्दल आभार.'

सेवा! म्हणजे डेमो. गुरुवारी दाखवलं, बुधवारी ऑफर. तीनच ओळी, पण काय नेमक्या. कंपनीची अकरा गोडाऊन, प्रत्येकात निदान चार कम्प्युटर. पाणी प्यायलो.

मुदतवाढीच्या अर्जाचं मात्र अजून उत्तर नाही. ह्यांचं नेहमीचंच.

घरी सांगितलं की एक्स्टेन्शनचं मॅनेजमेंटकडून पॉझिटिव्ह आलं. सरोजिनीचे डोळे भरून आले. देवापुढे साखर ठेवली, मेघालीला फोन लावला. एक बारकं एक्स्टेन्शन, त्यात ह्या बाईचा केवढा जीव! मी उगाच समजत होतो की तिला माझं काही कळत नाही.

मेल वाचू का, म्हणाली. नको म्हटलं. ती बालवाडीत शिकवायची, अजून ओळीखाली बोट ठेवून वाचते. एका पानाला पंधरा मिनिटं. मी सार सांगितलंय म्हटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ५.४०
पाचला उठलो नाही, पण जाग होती. उत्तर पाठवायचंय. पहिल्या ऑफरला हो म्हणणं म्हणजे स्वतःचा भाव पाडणं. बावीस वर्षं ट्रान्सपोर्टरशी बोलतोय, एवढं कळतं.

११.१५. पाठवलं. इंग्रजीत, वजनदार. मतलब असा: 'आपल्या प्रस्तावाबद्दल आभार. परंतु सध्या एकाच कंपनीशी बांधून घेण्याचा माझा विचार नाही. इतरांकडूनही विचारणा आहे. आपण माझ्यासाठी थांबू नये.' शेवटचं वाक्य खास जमलंय. थांबू नये म्हटलं की माणूस थांबतो.

नरेंद्रलाही मेल आला होता. तो सकाळी एक तास डोळ्यांजवळ धरून वाचत बसला, मग 'येस सर' एवढंच लिहून पाठवलं. त्याला कसला मेल होता विचारायला हवं होतं. पण म्हटलं, दुसऱ्याच्या कागदात डोकावू नये.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
उत्तर आलं. 'नोटेड, सर. वुई रिस्पेक्ट युवर डिसिजन.' एवढंच. हादरलेत.

सरोजिनीने शिरा केला. वेलची घालून. ती आज गुणगुणत होती. मी विचारलं, एवढी खूश? म्हणाली, वर्षभराचा घोर गेला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७
अर्धी रजा टाकून वडप्याला. कलावतीबाई पहिल्या ग्राहक, म्हणून लॅपटॉप घेऊन स्वतः गेलो. बाईंनी टेबल पुसून ठेवलं होतं. शिलाई मशीनची वायर, इस्त्रीची वायर, पंख्याची वायर, तिन्ही ओळीने मांडलेल्या. म्हणाल्या, दादा, लावा एक्स्टेन्शन. मी लॅपटॉप उघडून दाखवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं. मग विचारलं, इस्त्री ह्याच्यात कुठं खुपसायची?

पाच मिनिटं बोलणं झालं, तेव्हा लक्षात आलं. बोर्ड. एक्स्टेन्शन बोर्ड. घरी कम्प्युटर कोणाकडेच नाही.

परतताना राघोला विचारलं. तो म्हणाला, मंग दुसरं काय असतंय? लूमवाल्या भाईंना फोन केला. ते म्हणाले, दस पीस का क्या हुआ, भाईसाब.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६
शांतपणे विचार केला. सर्व्हे चुकला असं म्हणता येणार नाही. मागणी सिद्ध झाली. वस्तू वेगळी होती, इतकंच. गोंधळ लोकांच्या बाजूने. शब्द एक आणि डोक्यात अर्थ भलताच, असं लोकांचं होतं. माझं होत नाही कारण मी कागदातला माणूस आहे.

आता सगळी भिस्त कंपनीच्या ऑफरवर. मी उद्या अटी पाठवतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अटी लिहिल्या नाहीत. सर्दी.

२२ नोव्हेंबर, शनिवार
केदारचा मेसेज. प्रोजेक्ट सबमिट झाला, काका. थँक्स. फॉर्म नंतर आम्हीच भरून टाकले. वाचूक आता बंद करतोय, परीक्षा आहे.

पोरं कच्ची असतात. कंपनीचा चेक दिसला की परत चालू करेल. केदारला ऑफरचं अजून सांगितलं नाही. सरप्राइज.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
नरेंद्रने पेढे वाटले. त्याला वर्ष मिळालं. म्हणजे मुदतवाढ. चला, त्याला मिळाली म्हणजे माझीही सही होत असणार, नावं एकाच यादीत आहेत. तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, सुधीरराव, तुम्ही नाही का म्हणालात? मी म्हटलं, नाही नव्हे, थांबवून ठेवलंय. त्याने डबा पुन्हा पुढे केला. मग आणखी एक पेढा दिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. निवेदिता मॅडम बोलल्या की आम्हाला सर हवे होते, पण सरांचे पुढचे प्लॅन मोठे आहेत. टाळ्या. मीही वाजवल्या. कुठल्या प्लॅनबद्दल बोलतायत ते मला नीट कळत नव्हतं, पण ऐकायला बरं होतं. आयकार्ड मागून घेतलं. फॉर्मॅलिटी असेल.

शाल घेऊन घरी आलो. सरोजिनीने विचारलं, ही कशाला? एक्स्टेन्शन मिळालेल्यांनाही देतात का?

मी म्हटलं, एक्स्टेन्शन कंपनीला द्यायचं की नाही ते मी ठरवणार ना.

ती म्हणाली, तुम्ही कंपनीला?

मग ती म्हणाली, तो मेल दाखवा.

३० नोव्हेंबर, रविवार
काल पुढचं लिहायला जमलं नाही.

तिने वाचला. ओळीखाली बोट ठेवून. मी समोर उभा होतो. दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीत तिचं बोट थांबलं. 'एक्स्टेन्शन ऑफ युवर सर्व्हिस, फॉर वन इयर.' पुढे होतं, मेडिकल चालू राहील, पगार तोच. पुढे होतं, शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर जागा भरली जाईल. मग तिने माझं उत्तर वाचलं. तेही बोट ठेवून. थांबू नये, इथे ती दोनदा गेली.

चूक वाचूकची. सर्व्हिस एक्स्टेन्शनचं 'विस्तार' कोण करतं? मुदतवाढ म्हणायला काय झालं होतं? हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही वाचलं नव्हतंत का? सार वाचलं होतं म्हटलं. ती म्हणाली, माझ्या बालवाडीतली पोरं चित्र बघून गोष्ट सांगायची, तीसुद्धा शेवटचं पान उलटायची.

रडली नाही. चष्मा पुसून ठेवला आणि आत गेली. मला लाज वाटली. ह्या डायरीत इतके दिवस लिहिलं, हे पहिलंच खरं असेल.

निवेदिता मॅडमना फोन केला, रविवार असून. म्हणाल्या, सर, जागा भरली. दीपेश म्हणून आहेत, सोमवारपासून येतायत. मी त्यांना विचारलं, ते कागद पूर्ण वाचतात का? त्या म्हणाल्या, टेक केअर, सर.

मेघालीला कोणी सांगायचं हे अजून ठरलेलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ५
पाचला उठलो. पहिल्यांदाच.

६.२५. कंपनीची बस आली. नरेंद्र चढला. ड्रायव्हरने सवयीने आमच्या दारासमोर दोनदा हॉर्न दिला, मग नरेंद्र त्याला काहीतरी म्हणाला असावा. गेली.

नवीन घड्याळ लावायचंय, खिळा नाही. सरोजिनीने चहा आणून ठेवला.

८.१०. राघोचा फोन. विचारत होता, एक्स्टेन्शन भेटलं का?

सरोजिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

नाही भेटलं, म्हटलं.