तीस की एकशेपन्नास

१० मे

ती. दादास सा. न. वि. वि.

सोमवारी यांच्या गोदामातली पत्र्याची शेड कोसळली, पहारेकरीकाकांचा पाय मोडला. साहेब म्हणतात, यांनीच माल उचलायच्या यंत्राची भुजा शेडवर आदळली. हे म्हणतात, भुजा डोक्यावरून पार पलीकडे, पाण्याच्या टाकीकडे होती. पण यंत्राच्या कागदावर त्या मिनिटाला कोन छापलाय तीस अंश, म्हणजे शेडकडचा. यांना घरी बसवलंय. पोलिसांत देऊ म्हणतात. कागदाची नक्कल पाठवतेय. तू गणिताचा मास्तर, तूच बघ.

खरं सांगू? हे हल्ली नजर चुकवतात. पिऊन गेले होते की काय म्हणून मी शर्टाचा वासही घेतला. नुसता ग्रीसचा वास. तरी मन खातंच.

पहिल्यासारखी माया असू दे.

तुझी धाकटी

१४ मे

चि. धाकटीस अ. उ. आ.

कागद पाहिला. आकडे कुणाचे सगेसोयरे नसतात. मेहुण्यांचं बोलणं मला पटत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. गोडीगुलाबीने काढून घे. आणि शर्ट हुंगणं सोड, तू काही पोलिसांचा कुत्रा नव्हेस.

जपून राहा, कळवत राहा.

दादा

१७ मे

चि. धाकटीस अ. उ. आ.

मागचं पत्र फाडून टाक. काल वह्या तपासत होतो. साइन एकशेपन्नास म्हणजे अर्धा. त्या अर्ध्याचा व्यस्त साइन, म्हणजे साइनवरून उलटा काढलेला कोन, एका वहीत पुन्हा एकशेपन्नास लिहिला होता. मी फुली मारून ‘तीस’ लिहिलं आणि हात तिथेच थबकला.

कागदावरच्या आकड्यांवरून दिसतं, तुमचं यंत्र भुजेच्या टोकाची फक्त उंची मोजतं. भुजा वीस मीटर, उंची दहा, म्हणजे साइन अर्धा. त्यावरून ते व्यस्त साइनने कोन काढतं, आणि व्यस्त साइन नव्वदच्या पुढे कधी जातच नाही. साइनवर्ग अधिक कोसाइनवर्ग बरोबर एक, ही नित्यसमानता लावली तरी कोसाइन अधिक की उणे, शेडकडे तीस की टाकीकडे एकशेपन्नास, ते कळत नाही. मेहुणे खरं बोलतात असं यातून ठरत नाही, पण कागदही साक्षीला उभा राहत नाही. साहेबांना म्हणावं, भुजा टाकीकडे दहा मीटर उंचीवर धरा आणि कागद काढा.

घाईने मत बनवलं, त्याबद्दल मोठ्या भावाला पदरात घे.

दादा

२५ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

सगळ्यांदेखत भुजा टाकीकडे धरली. कागदावर तीसच! साहेबांनी तो दोनदा उलटून पाहिला. मग शेडचा पडलेला खांब तपासला, तर त्यावर माल आणणाऱ्या ट्रकचा निळा रंग. ड्रायव्हरने कबूल केलं, मागे घेताना धडक बसली. काकांचं प्लास्टर महिन्याने निघेल. हे उद्यापासून कामावर.

मी हसत विचारलं, मग इतके दिवस नजर का चुकवत होतात? म्हणाले, घरी आलो की तुझ्या डोळ्यांत साहेबच दिसायचे.

जेवण गार झालं तरी दोघं तसेच बसून होतो.

तुझा लोभ तेवढा आटू देऊ नकोस. सध्या इथे यांचा मलाच नव्याने मिळवायचाय.

तुझी धाकटी