खांबाआडच्या दोन खुर्च्या

अहो,

उठवलं असतं तर तुम्ही अडवलं असतं, म्हणून न सांगताच निघाले. आजच्या नाटकाच्या खांबाआडच्या खुर्च्या थिएटरच्या खिडकीवर आठ वाजता पाव किमतीत देतात. रांगेत पहिला नंबर माझाच. गुडघ्याची काळजी नको, घडीचं स्टूल नेलंय.

"चार वाक्यं बोलणार ती, त्यासाठी एवढं महाग तिकीट?" म्हणालात ना? घ्या, तीही सबब गेली. खांबामुळे स्टेजची डावी बाजू दिसत नाही, म्हणून त्या खुर्च्या स्वस्त. आपली लेक नाटकात मोलकरीण झालीय, ती दोन्ही अंक उजव्या कोपऱ्यातच उभी असते. काल डोअरकीपरला गळ घालून मी स्वतः त्या खुर्चीत बसून बघितलं, तो कोपरा स्पष्ट दिसतो.

तिने नाटकासाठी बँकेतली नोकरी सोडल्यापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलताय. मी काय पोस्टमन आहे?

दूध तापवलंय. निळा शर्ट इस्त्री करून दारामागे लावलाय. मी तिथूनच कामावर जाईन आणि सहाला थिएटरच्या पायऱ्यांवर थांबेन. नाही आलात तर शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवीन, पण तिकीट परत करणार नाही.

शेवटी सगळे नट पुढे येऊन लोकांकडे बघतात. तिला माझ्याशेजारी बाप दिसावा की पिशवी, ते तुम्ही ठरवा.