आमसुलांच्या बरणीमागचा पंप

गुंद, ता. जोयडा
८ डिसेंबर २०२४

चि. मयूरीस आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची रीत आहे. ती आज पाळत नाही.

आधी घटना, घडल्या त्याच क्रमाने. जानेवारीत डॉक्टरांनी तुला धावण्याची परवानगी दिली: दमा आटोक्यात आहे, रोजचे औषध चुकवायचे नाही, धावण्यापूर्वी पंधरा मिनिटे निळ्या पंपाचे दोन दाब घ्यायचे आणि पंप जवळ ठेवायचा. अठरा फेब्रुवारीस कुळगीच्या रस्त्यावर पाच किलोमीटरची शर्यत झाली. तिसऱ्या किलोमीटरला तू कोसळलीस. पिशवीत पंप नव्हता. दवाखान्यात, तुझ्या नाकावर मास्क असताना, मी सर्वांसमक्ष तुला ‘निष्काळजी’ म्हटले. तू मान खाली घातलीस. त्यानंतर तू धावली नाहीस.

परवा खानापुराहून केशरमावशीचा फोन आला. “अक्का, पोरगी जिना बी चढत न्हाई बघ. बसूनच हाय. ‘माझा मलाच भरवसा न्हाई मावशी’ म्हणती. तुझ्या शाळेची ती घंटा तरी वाजव, उठती का बघू!”

मी तिची भाषा सुधारली आणि फोन ठेवला.

येथे मळणी चालू आहे. भुसाची धूळ ओसरीपर्यंत येते. तुझी खिडकी मी बंदच ठेवते, तू नसतानाही.

मयूरी, पंप तू विसरली नव्हतीस. शर्यतीच्या सकाळी तुझ्या पिशवीतून तो मी काढला आणि आमसुलांच्या बरणीमागे ठेवला. पंप सापडला नाही की तू धावणार नाहीस, अशी माझी अटकळ होती. ‘भीतीपोटी केले’ असे येथे आधी लिहिले होते. ते वाक्य खोडले आहे. भीती नव्हती, लाज होती. तेवीस वर्षे मुख्याध्यापिका असलेल्या बाईची मुलगी भर रस्त्यात तोंडाला पंप लावून उभी राहील, हे मला पाहवणार नव्हते.

शर्यतीत तुझ्यासोबत असलेल्या पल्लवीने मला नंतर सांगितले, “बाई, पंप न्हाई म्हटल्यावर मी नकोच म्हटलं हो तिला. ती म्हणाली, आई पहिल्यांदाच बघायला आलीय, आज थांबू कशी?”

हे ऐकूनही मी नऊ महिने गप्प राहिले. तुझ्या शरीराने तुला दगा दिला नाही. मी दिला.

बरणीमागचा पंप काल बाहेर काढला. त्याची मुदत ऑगस्टमध्येच संपलेली होती. नवा सोबत पाठवत आहे. डॉक्टरांना पुन्हा भेट. ते सांगतील तेवढेच, पण चाल. माझ्या अपराधाची शिक्षा तू बसून भोगू नकोस. हे मी आज्ञा म्हणून लिहीत नाही. आज्ञा करण्याजोगे माझ्यापाशी काही उरलेले नाही.

‘निष्काळजी’ हा शब्द परत घेते. मला क्षमा केलीस की नाही, हे कळवू नकोस. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे. मात्र फोनवर नुसते ‘व्हय’ म्हणून मला वाटेला लावू नकोस. मावशीच्या जिन्याच्या किती पायऱ्या चढलीस, तेवढा एकच आकडा, तुझ्या अक्षरात, कागदावर लिहून पाठव.

तुझी अपराधी,
आई