तीन काड्यांचा अँटेना

निमगाव सावा, ता. जुन्नर
सोमवार

श्री. बहिरूभाऊंस,

ज्ञानेश्वरचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा मोतीबिंदू काढून झाला का? इकडे मेंढरं ठीक आहेत, साळुबाई ठीक आहे, मी ठीक आहे. (हा क्रम साळुबाईने सांगितला तसा लिहिला आहे. तिच्या मते मेंढरं आधी.)

शेवटी अँटेना कोणता घेतला, असं तुम्ही फोनवर विचारलंत. उत्तर एका ओळीचं आहे. पण एक ओळ लिहून थांबायची शिस्त निवृत्तीनंतर माझ्यात राहिलेली नाही, तेव्हा सगळंच लिहितो.

आमच्या श्रेयाची एकटीने सांभाळायची पहिली मालगाडी काल, रविवारी, इगतपुरीहून कल्याणला निघणार होती. हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण डबा शेवटचाच असतो. ड्यूटीवर असताना फोन करायचा नाही हे तिने मला बजावलं होतं, आणि ते बजावताना तिने माझंच नोकरीतलं वाक्य वापरलं. मला एवढंच हवं होतं की वॉकी-टॉकीवरचा तिचा एक 'ऑल राइट' आपल्या कानांनी ऐकावा. तुम्ही इंजिनात, मी शेवटच्या डब्यात, मधे मालाच्या अठ्ठावन्न वाघिणी, अशी आपण किती वर्षं काढली. एकमेकांची तोंडं फारशी दिसली नाहीत (तुम्ही मिशी काढल्याचं मला चार महिन्यांनी कळलं), आवाज मात्र पाठ. त्यामुळे माझ्याच मुलीचा आवाज ओळखण्याची मला काळजी नव्हती. काळजी वेगळी होती. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. शेजारच्या आंबेगावातही नाही. जिथे गाडीच नाही तिथे बसून गाडीचं बोलणं ऐकायचं म्हणजे सगळा भार अँटेनावर.

वॉकी-टॉकीचं बोलणं पकडणारा जो स्कॅनर तुम्ही पाठवलात, त्याच्याबरोबर बोटभर रबरी काडी आली होती. ती लावून मी गच्चीवर चार दिवस बसलो. खरखर ऐकू आली. (परवान्याचा कागद लॅमिनेट करून खिशात ठेवला होता. तो अजून कोणी मागितलेला नाही, याचं थोडं वाईट वाटतं.) गच्चीवरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणींच्या दोन-तीन थाळ्या दिसतात. त्या थाळ्यांना कुठल्या कुठल्या ताऱ्यांचं ऐकू येतं आणि मला कल्याण ऐकू येत नव्हतं. मग ओढून लांब होणारी स्टीलची काडी मागवली. ती पूर्ण ओढली की स्कॅनर हातात डोलतो आणि खालची खोबण कुरकुरते. तिच्यावर खरखर जास्त स्पष्ट आली. ती काडी घेऊन मी एकदा मेंढरांच्या वाड्यात गेलो, आणि आमच्या मेंढ्याला ती त्याच्यावर उगारली असं वाटलं. काडीचा आता काटकोन झाला आहे. माझ्या मांडीबद्दल तुम्ही विचारणार नाही हे मला माहीत आहे.

तेव्हा कळंबला पप्पूकडे गेलो. पप्पूचं डिशचं दुकान आहे, आणि छपरावरच्या जुन्या टीव्हीच्या अँटेनांचा ढीग त्याने वीस वर्षं जपून ठेवला आहे, कोणीतरी येईल म्हणून. मी आलो. त्याने दोन-दोन हात लांबीच्या तीन काड्या कापून एका आडव्या नळीवर बसवल्या आणि वायर जोडून दिली. कशासाठी, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं: रेल्वेचं काम आहे.

चूक तिथे झाली. मी एस.टी.ने निमगावला पोचायच्या आत बातमी पोचली होती की रेल्वेने ज्ञानेश्वरला परत कामावर घेतलं आणि मार्ग मोजायला यंत्र दिलं. मागे एकदा नव्या रेल्वेमार्गाच्या मोजणीची माणसं साळुबाईच्या भावाच्या, हौशीरामच्या, शेतात दगड रंगवून गेली होती. पुढे मार्ग बदलला, माणसं परत आली नाहीत. त्या दगडाचा रंग उडाला की हौशीराम स्वतः नवा देतो. तो दारातच उभा होता.

"दाजी, आपल्या माणसाला तरी खरं सांगा. रूळ कुठून नेताय?"

"रूळ नाही रे. आवाज ऐकायचाय. गाडीचा."

"आवाज यायला आधी गाडी लागती ना? मंग गाडी कुठंय?"

मी अँटेना उचलून घरात नेला. तेही त्याने सरकारी गुपित म्हणून घेतलं. थोड्या वेळाने तुकाबाई आली. हिची साठ मेंढरं आहेत आणि सगळं चरायचं रान हौशीरामच्या शेतापलीकडे. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आन बाबा रूळ, मी न्हाई म्हणत न्हाई. पर माझ्या मेंढरास्नी खालनं जाया बोगदा ठेव. आन त्यात पानी साचाया नको." मी बोगदा कबूल केला. दुसरं काय करणार होतो?

गैरसमजाचा फायदा मी घेतला, हे तुमच्यापाशी कबूल करतो. ऐकू यायला उंची पाहिजे, आणि कल्याणच्या बाजूला तोंड असलेली उंची म्हणजे नाणेघाट, इथून साठेक किलोमीटर. माझ्याकडे सायकल आहे. हौशीरामकडे पिकअप आहे. मी म्हणालो, घाटावरून बघावं लागेल. काल सकाळी सातला पिकअप दारात. पुढे तो, मी आणि अँटेना. मागे तुकाबाई, भाकरीचं फडकं घेऊन, बोगद्यावर लक्ष ठेवायला.

नऊपासून मी घाटाच्या कड्यावर उभा. खाली कोकण, पलीकडे कुठेतरी आटगाव, आसनगाव, श्रेयाच्या वाटेवरची स्टेशनं. छपरावर असायचे तसा अँटेना आडवा धरून मी इंचाइंचाने फिरवत होतो. वाऱ्याने हात भरून आले. साडेदहा झाले. खरखर. गाडी त्याच वेळात तिथून जायची होती, आणि ती माझ्यासाठी थांबणार नव्हती. हौशीराम म्हणाला, "आना इकडं दाजी, तुमाला जमंना." त्याने अँटेना घेतला आणि शेतातून दाताळं घरी आणावं तसा काखेत मारला. काड्या आडव्याच्या उभ्या झाल्या. त्याच क्षणी खरखर फुटली आणि माणूस बोलला.

भाऊ, तीस वर्षं मी वॉकी-टॉकी उभा धरून बोललो. त्याची काडी उभी असते, तर ऐकणाऱ्याचीही उभीच पाहिजे, हे मला सुचायला नको होतं का? हौशीरामला मी हलू दिलं नाही. मग दोन मिनिटांनी बाईचा आवाज आला. "स्टार्टर सिग्नल हिरवा. ऑल राइट." मी लगेच ओळखला. श्रेया 'ऑल' आणि 'राइट' वेगवेगळं म्हणते, दोन हातांत दोन वस्तू दिल्यासारखं. लहानपणापासून तशीच.

"पोरगी गाडी चालवती व्हय?" तुकाबाईने विचारलं.

"चालवत नाही. शेवटच्या डब्यात बसून गाडी सांभाळते."

"म्हंजी मेंढरामागं चालायचं तसं."

नोकरीत मला इतक्या साहेबांनी गार्डचं काम समजावून सांगितलं, पण असं एकालाही जमलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि जरा लांब जाऊन उभा राहिलो. हौशीरामने तशा अवघडलेल्या अवस्थेतही अँटेना हलवला नाही, हे त्याचं मोठेपण. परतताना तो म्हणाला, "आता गाडी हाय म्हणल्यावर रूळ येनारच की." सगळे खूश होऊन घरी आलो.

तर उत्तर: तीन काड्यांचा, पप्पूने केलेला, काखेत धरायचा.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला ऊन द्या.

तुमचा गाडीच्या दुसऱ्या टोकाचा,
ज्ञानेश्वर

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात श्रेयाचा फोन आला. गाडी नीट पोचवली, म्हणाली. मात्र इंजिन मिळायला उशीर झाल्यामुळे ती इगतपुरीहून निघालीच दुपारी अडीचला. साडेअकराला आम्ही घाटावर भाकरी खाऊन परत फिरलो होतो. साळुबाईला हे अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २. तेव्हा एक काम करा. तुम्ही कल्याणात राहता आणि ड्यूटी लावतात त्या लॉबीत तुम्हाला ओळखतात. काल साडेदहा-पावणेअकराला आसनगावच्या आसपास कोणाची मुलगी गाडीवर होती, एवढं विचारा. तिच्या वडिलांचा फोन नंबर मिळवा. त्यांना म्हणावं, तुमच्या मुलीचा आवाज नाणेघाटापर्यंत स्वच्छ येतो. तिघांनी ऐकला. तुमच्यापर्यंत येत नसेल तर अँटेना उभा धरा.