तीन दिवसांनंतरचं ऊन

आई, सकाळपासून गव्हाचा आंबूस वास येतोय. खरं तर सकाळी गहू अजून पोत्यात कोरडेच होते. पण चैत्र लागला की मला तो वास आपोआप येतो, आणि डोळे मिटले की सांगलीतली आपली गच्ची दिसते. जुन्या सुती साड्या अंथरलेल्या, त्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया, आणि त्यांच्या मधून तू पावलं जपून टाकत चालली आहेस. ऊन इतकं की तू अर्धी पुसल्यासारखी दिसतेस. मी हाक मारते, तर तू नुसतं म्हणतेस, "वाळवणात पाय देऊ नगंस गं बये."

तेव्हा तुझा कुरडयांचा धंदा मला काय कळणार! गहू भिजले की तीन दिवसांनी वाटायचे, चीक काढायचा, दुसऱ्या दिवशी शिजवायचा, आणि त्या दिवशी कडक ऊन हवं म्हणजे हवंच. मधे कुठं थांबायची सोय नाही. आभाळ आलं की सगळा माल गेला, आणि लग्नघरचं गिऱ्हाईक एकदा हुकलं की परत फिरकत नाही. आम्हा पोरांना मात्र आभाळ आलं की उकळ्या फुटायच्या. शिजलेला चीक गरमागरम ताटलीत, वर तेल-मीठ, नाहीतर दूध-गूळ. शेजारच्या काकू हळहळायच्या, "आवं, एवढं नुकसान झालं की वो!" तू त्यांच्याही हातात ताटली द्यायचीस. "आभाळाला काय ठावं आमचं गहू भिजल्यात ते? खावा गुमान. पोटात वाळवायची कटकट न्हाई." सगळे हसायचे. मला ते दिवस सणाचे वाटायचे. अजून वाटतात, काय करू!

आता धंदा माझा आहे. चौघी बायका कामाला येतात. यंदा साताऱ्याच्या एका दुकानाची पहिल्यांदाच मोठी ऑर्डर आली आहे. वेळेत पोचली तर वर्षभर काम मिळेल, नाहीतर पावसाळाभर चौघींना घरी बसवावं लागेल. दुकानदाराला मशीनवर वाळवलेली कुरडई चालत नाही, उन्हातलीच हवी. लेक मोबाइल पुढं धरून बसली होती. हवामानाच्या एका अ‍ॅपमध्ये ढग, दुसऱ्यात लख्ख ऊन. "आई, तू कुठलं खरं धरणार?" कपाळ माझं! मी उठून पोती मोजायला गेले.

दुपारी बायका पोत्यांपाशी येऊन बसल्या. "ताई, गहू भिजत घालायचं का न्हाई? आवं, बोला की." चौघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आभाळाकडं एकीचंही लक्ष नव्हतं. तेव्हा एकदम आठवलं, गहू पाण्यात सोडताना तू कुणाकडंच बघायची नाहीस. आम्ही बोलावलं तरी मान वर करायची नाहीस.

मी म्हटलं, "घाला." पोती रिकामी झाली, पातेल्यांत पाणी चढलं. बायका गप्पा मारत, निर्धास्त घरी गेल्या.

आता पश्चिमेला खरंच ढग आलाय. तुला पाठवायची काही सोय नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. आई, मला लय भ्या वाटतंय. लेकीला सांगितलं नाही, बायकांना तर नाहीच. आणि तू असतीस ना, तर तुलाही सांगितलं नसतं. "घातलं गहू" एवढंच म्हणाले असते, आणि तूही पुढं काही विचारलं नसतंस.